कॅथेड्रलच्या दारात तिकीटखिडकी नको

ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे आगीनंतर साडेपाच वर्षं बंद असलेलं पॅरिसचं नोत्र दाम हे कॅथेड्रल (बिशपचं मुख्य चर्च) परत उघडायला जेमतेम दीड महिना राहिला होता तेव्हा, फ्रान्सच्या तेव्हाच्या संस्कृतीमंत्री रशिदा दाती यांनी सुचवलं की आत बघायला येणाऱ्या टुरिस्टांकडून माणशी ५ युरो घ्या. वर्षाला साडेसात कोटी युरो जमतील आणि त्यातून देशभरातली मोडकळीला आलेली जुनी चर्च वाचवता येतील, असा हिशोब होता. पॅरिसच्या धर्मप्रांताने, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या कारभाराने, लगेच नकार दिला, डिसेंबरमध्ये चर्च उघडलं ते फ्रीच उघडलं, पण प्रश्न काही मिटलेला नाही, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तो परत काढतंच. आणि फक्त पॅरिसपुरता नाहीये तो, युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या) कॅथेड्रलसमोर आज ना उद्या हाच प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे, मुख्य दारातून आत जायला पैसे घेऊ नयेत. कोणाकडूनच, माझ्यासारख्या लांबून आलेल्या टुरिस्टकडूनसुद्धा नाही.

आधी हे मान्य करते की तिकीट मागणाऱ्यांचा मुद्दा फालतू नाही. आपण वेरूळला, अजिंठ्याला तिकीट काढतोच, भारतीयाला ४० आणि परदेशी माणसाला ६०० रुपये, आणि यात कोणाला काही खटकत नाही. लूव्र म्युझियमने तर जानेवारी २०२६ पासून युरोपातल्या ठरावीक देशांबाहेरच्या लोकांना २२ ऐवजी ३२ युरो लावलेत, तेव्हा आपल्याकडच्या बऱ्याच जणांना राग आला, पण तोच नियम आपण किती वर्षं चालवतोय हे बघितलं तर रागवायचा हक्क आपल्याला फारसा उरत नाही. मग नोत्र दामलाच वेगळा न्याय का? पाच युरोत पॅरिसमध्ये धड जेवणही होत नाही, विमानाचं तिकीट काढून तिथवर आलेल्या माणसाला पाच युरो जड का व्हावेत?

जड होत नाहीतच. पैशाच्या आकड्याबद्दल माझी तक्रारच नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे फ्रान्समध्ये हे चर्च आहे कोणाचं. १९०५ साली तिथे चर्च आणि सरकार वेगळं करणारा कायदा झाला आणि जुनी कॅथेड्रल सरकारच्या मालकीची राहिली, गावातली साधी चर्च नगरपालिकांकडे राहिली, आणि कॅथलिक लोकांना ती पूजेसाठी फुकट वापरायला दिली. त्याच कायद्याच्या १७व्या कलमात सरळ लिहिलंय की या वास्तू बघायला सगळ्यांना मोकळीक असेल आणि त्यासाठी कुठलाही कर किंवा फी घेता येणार नाही. म्हणजे हा एक करार आहे. सरकारने मालकी घेतली तर डागडुजीची जबाबदारीही सरकारची, आणि लोकांना आत जायची मुभा हा त्याच व्यवहाराचा भाग. आता १०० वर्षांनी छपरं गळायला लागली म्हणून मालकाने दारात डबा घेऊन उभं राहायचं, हे मला पटत नाही. नोत्र दामची इमारत आणि तिची सुरक्षा ही २०१९ आधीही सरकारचीच जबाबदारी होती, आणि १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी त्या जुन्या ओकच्या लाकडी सांगाड्याने पेट घेतला, मनोरा कोसळला, शिसं वितळलं, ते सगळ्या जगाने लाइव्ह पाहिलं.

आणि त्यानंतर काय झालं तेही बघा. सुमारे ३ लाख ४० हजार लोकांनी आणि संस्थांनी, १५० देशांतून, ८४ कोटी ६० लाख युरो दिले. त्यात अब्जाधीश घराणी होती, मोठ्या कंपन्या होत्या, पण तीन लाखांवर माणसं म्हणजे बहुतेक सगळी साधीच माणसं, कोणी २० युरो दिले असतील कोणी ५०. कोणी मागितलं म्हणून नाही, ती वास्तू आपली आहे असं वाटलं म्हणून. इतक्या लोकांना आपलं वाटतंय याचं कारण माझ्या मते हेच आहे की त्यांच्यातले कितीतरी जण कधी ना कधी त्या दारातून असेच आत गेले होते, कोणी अडवलं नव्हतं, कोणी पावती मागितली नव्हती. आगीच्या आधी वर्षाला १ कोटी २० लाख लोक तिथे यायचे. ज्या जागेने आपल्याला गिऱ्हाईक म्हणून वागवलं तिच्यासाठी माणूस रात्री टीव्हीसमोर बसून रडत नाही, हे मी अगदी मनापासून लिहितेय.

दातीबाईंचा हिशोबही मला कच्चा वाटतो. साडेसात कोटी म्हणजे दीड कोटी लोक गुणिले पाच. पण प्रार्थनेला येणाऱ्यांना सूट, लहान मुलांना सूट, आणि तिकीट लावलं की गर्दी थोडी तरी घटणार, शिवाय खिडक्या, मशीन, स्टाफ, चेकिंग यांचा खर्च आहेच. म्हणजे हातात पडणारी रक्कम त्याहून बरीच कमी. पण समजा पूर्ण साडेसात कोटी आले, तरीही मी नकोच म्हणेन, आणि त्याचं खरं कारण ती सूट आहे.

कारण तिकीटवाले लगेच सांगतात, अहो प्रार्थनेला येणाऱ्यांना फ्रीच राहील, फक्त टुरिस्टांना पैसे. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण मग दारातल्या माणसाने ठरवायचं कसं की कोण कशाला आलंय? इटलीतल्या एका शहरात मी हे अनुभवलंय, दोन दारं होती, एक तिकीटवाल्यांचं आणि एक बाजूला प्रार्थनेचं, आणि त्या बाजूच्या दारातल्या गार्डने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, पाठीवर सॅक, पायात स्पोर्ट्स शूज, रंग सावळा, आणि विचारलं प्रार्थना की व्हिजिट. आता काय सांगणार? मी ख्रिश्चन नाही. पण आत गेल्यावर मी हात जोडते, डोळे मिटते, आईसाठी मेणबत्ती लावते, आणि मग मान वर करून कमानीही बघते. यातलं कुठलं प्रार्थना आणि कुठलं व्हिजिट? आपल्याकडचा माणूस देवळात जातो, दर्ग्यात जातो, माउंट मेरीला नवस बोलतो आणि मेणबत्ती वाहतो, बांद्र्याच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये जाऊन बघा, रांगेत सगळ्या धर्माची माणसं असतात. या माणसाला दोन दारांत वाटून दाखवा. आणि फक्त आपलंच नाही, त्या देशातला एखादा तरुण ज्याचा चर्चवरचा विश्वास केव्हाच उडालाय पण आजी गेल्यापासून आत बसावंसं वाटतंय, तो कुठल्या दारातला? दारात वर्गवारी आली की कोणीतरी दुसऱ्याच्या मनात काय आहे ते तपासायला लागतो, आणि ते काम युनिफॉर्म घातलेल्या माणसाने तोंडावरून आणि कपड्यांवरून करायचं, याच्याइतकं वाईट काही नाही.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. पंढरपूरच्या महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे, ती आत नाही बाहेर आहे, आणि का बाहेर आहे ते आपल्याला माहीत आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी तिथे उपोषणाला बसले ते दार उघडावं म्हणूनच. पाच युरोच्या तिकिटाची आणि त्या अन्यायाची बरोबरी मी अजिबात करत नाहीये, ती होऊच शकत नाही. पण देवाच्या दारात माणसं वेगळी काढायची सोय एकदा झाली की ती तिथेच थांबत नाही, एवढं आपण आपल्याच इतिहासातून शिकलोय. आणि आजचं बघायचं तर पेड दर्शनाचे पास आहेतच आपल्या मोठ्या देवस्थानांत. पैसे देणारा वीस मिनिटांत आत, बाकीचे चार चार तास उभे, आणि म्हाताऱ्या बायका रेलिंगला टेकून बसलेल्या. देवस्थानांना पैसा मिळतो हे खरं आहे, त्यातून दवाखाने चालतात अन्नछत्र चालतं हेही खरं, पण त्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला काय वाटतं तेही तितकंच खरं आहे.

आता गॉथिक कॅथेड्रलबद्दलच का इतका आग्रह, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर त्या बांधकामातच आहे असं मला वाटतं. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये हे तंत्र जमून आलं, टोकदार कमानी, फासळ्यांसारख्या दगडी पट्ट्यांवर पेललेलं छत, आणि भिंतींना बाहेरून टेकू देणारे फ्लाइंग बट्रेस. छताचा भार खांबांवर आणि बाहेरच्या टेकूंवर गेला, त्यामुळे भिंतीला जाड राहायची गरज उरली नाही, आणि जिथे पूर्वी दगड होता तिथे काच आली. म्हणजे एवढी सगळी खटपट कशासाठी, तर आत उजेड यावा आणि खूप माणसं मावावीत म्हणून. फ्रान्समधल्याच शार्त्रच्या कॅथेड्रलमधल्या तेराव्या शतकातल्या खिडक्या बघा, वर संत आहेत, बायबलच्या गोष्टी आहेत, आणि खाली, अगदी माणसाच्या नजरेच्या उंचीजवळ, पाव भाजणारे, चपला शिवणारे, खाटीक, सुतार आपापल्या कामात दाखवलेत. राजाच्या दरबारात या लोकांना खिडकी मिळाली नसती. ही शहराची वास्तू होती, बाजाराच्या मध्ये उभी असलेली, सगळ्यांच्या जाण्यायेण्यातली.

जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल मुख्य रेल्वे स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, स्टेशनातून बाहेर आलं की समोर तेच, १५७ मीटर उंच दोन मनोरे, काळे पडलेले. मी गेले तेव्हा आत जायला पैसे नव्हते, मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायला तिकीट होतं. तिथे बसून मी बराच वेळ नुसती येणारी जाणारी माणसं बघितली. ट्रेनला अर्धा तास असलेले लोक येत होते, ऑफिसची बॅग घेतलेला एक माणूस आला, मागच्या बाकावर बसला, पाच मिनिटं डोळे मिटून राहिला आणि उठून गेला. साफसफाईच्या युनिफॉर्ममधल्या दोन बायका आल्या, मेणबत्ती लावली, गेल्या. दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीत गेरहार्ड रिश्टर या जर्मन चित्रकाराने २००७ साली केलेली रंगीत काच आहे, ११,२६३ चौकोन आणि ७२ रंग, त्यातून ऊन आलं की खालच्या फरशीवर, माणसांच्या खांद्यांवर रंग पडतात, आणि ते चित्र कोणत्या संताचं वगैरे नाहीये त्यामुळे कोणाला काही माहीत असायची गरजच नाही. ४३ मीटर उंच छताखाली ती पाच मिनिटं बसणारी माणसं, माझ्या मते कॅथेड्रल त्यांच्यासाठी आहे. आणि तिकीट लागलं की सगळ्यात पहिले हीच माणसं जातात. टुरिस्ट जात नाही, त्याने तर प्लॅन केलेला असतो, तो पंधरा युरोपण देईल. पण पाच मिनिटं बसायला कोणी तिकीट काढत नाही, आणि गार्डला समजावत पण बसत नाही, तो सरळ प्लॅटफॉर्मवर जाऊन फोन बघत बसतो.

तिकीट लागल्यावर काय होतं ते बघायला पॅरिसमध्येच नोत्र दामपासून चालत जाता येतं. सेंट शापेल. १२४८ साली, ज्या वर्षी कोलोनचा पाया घातला त्याच वर्षी, याचं लोकार्पण झालं असं लिहायचा मोह होतो, पण लोकांसाठी नव्हतंच ते, फ्रान्सच्या नवव्या लुई राजाने राजवाड्यातलं आपलं खासगी प्रार्थनास्थळ म्हणून बांधून घेतलं, क्रुसावर चढवताना ख्रिस्ताच्या डोक्यावर घातला असं मानतात तो काटेरी मुकुट ठेवायला. पंधरा खिडक्यांत हजारावर प्रसंग, भिंत जवळजवळ नाहीच, मला विचाराल तर गॉथिक काचकाम म्हणून याच्या तोडीचं काही नाही. राज्यक्रांतीनंतर ते पूजेतून गेलं, आता ते सरकारी स्मारक आहे आणि तिकीट आहे, आणि ते ठीकच आहे, कारण तिथे आता कोणी प्रार्थनेला येत नाही. लोक येतात, फोन वर धरतात, गोल फिरतात, खाली उतरतात. तो मुकुट मात्र आता नोत्र दाममध्ये आहे, आगीच्या रात्री अग्निशामक दलाच्या लोकांनी आणि त्यांच्याबरोबरच्या धर्मगुरूंनी तो बाहेर काढला, आणि तो बघायला पैसे पडत नाहीत. राजाने स्वतःपुरता ठेवलेला मुकुट आज कोणालाही फुकट बघता येतो, ही मला फ्रान्सने केलेली फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती पाच युरोसाठी घालवू नये.

इंग्लंडचं उदाहरण मात्र मला अवघड जातं, ते टाळत नाही. कॅन्टरबरी, यॉर्क मिन्स्टर, लिंकन या कॅथेड्रलांत सगळीकडे तिकीट आहे. तिथे सरकार मालक नाही, रोजच्या खर्चाला सरकारी पैसा जवळजवळ नाही, दगड झिजतोय, काचा बदलायच्या आहेत, दगडकाम करणारे कारागीर पगारावर ठेवायचे आहेत. दानपेटीवर अवलंबून बघितलं त्यांनी बरीच वर्षं, भागलं नाही. अशा ठिकाणी तिकीट लावणाऱ्याला मी दोष देणार नाही, पडून गेलेल्या चर्चपेक्षा तिकीट असलेलं चर्च केव्हाही बरं. यॉर्कने निदान शहरातल्या रहिवाशांना फ्री ठेवलंय, एकदा काढलेलं तिकीट परत परत चालतं. पण हा नाइलाज आहे, आदर्श नाही, आणि ज्या देशात कायद्यानेच सरकार मालक आहे तिथे इंग्लंडचा दाखला द्यायचं कारण नाही. उलट त्याच इंग्लंडमध्ये डरहॅमचं कॅथेड्रल अजून फ्री आहे, दारात फक्त विनंती असते की जमेल तेवढं द्या.

मग पैसा आणायचा कुठून? मला यात खूप मार्ग दिसतात. मनोऱ्यावर चढायला पैसे घ्या, घेतातच, नोत्र दामचे मनोरे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उघडले, १६ युरो आहेत, लोक देतात. खजिन्याचं दालन, ऑडिओ गाइड, संध्याकाळच्या मैफली, सगळ्याला पैसे घ्या, ते जास्तीचं आहे. पॅरिसच्या हॉटेलात दर रात्रीचा टुरिस्ट टॅक्स लागतो, तो आपण सगळे गुपचूप भरतो, त्यातला ठरावीक वाटा जुन्या वास्तूंना द्या, नोत्र दाम नसतं तर यातली किती हॉटेलं भरली असती?

आणि एक गोष्ट जी मी कोणाला बोलताना फारशी ऐकली नाही, टूर कंपन्यांकडून घ्या. माणसाकडून नाही, धंदा करणाऱ्याकडून. पन्नास पन्नास जणांची बस आणणारी कंपनी ब्रोशरमध्ये नोत्र दामचा फोटो छापते, त्यावर पॅकेज विकते आणि पैसे कमावते. ग्रुपने गाइडसकट आत यायचं असेल तर आधी बुकिंग आणि ग्रुपची फी, एकट्यादुकट्या माणसाला काही नाही. यात कोणाची श्रद्धा तपासावी लागत नाही, पन्नास जणांच्या पुढे झेंडा धरून चालणारा गाइड लगेच ओळखू येतो. आपल्या पुण्या-मुंबईच्या टूर कंपन्यांनाही हे लागू व्हावं, पॅकेजमध्ये माणशी दोन युरो वाढले तर कोणाची ट्रिप कॅन्सल होणार नाही. फ्रान्समध्ये यासाठी कायद्यात बदल लागेल हे मला कळतं, पण मग बदल करायचाच असेल तर तो या दिशेने करा.

कोलोनचा अजून एक दाखला द्यावासा वाटतो. ते बांधकाम १२४८ ला सुरू झालं, १५६० च्या सुमारास पैसे आणि उत्साह संपून थांबलं, आणि जवळजवळ तीनशे वर्षं अर्धवट मनोऱ्यावर एक लाकडी क्रेन तशीच उभी होती. १८४२ ला परत सुरू झालं ते काही एकट्या राजाच्या पैशावर नाही, शहरातल्या लोकांनी कॅथेड्रल बांधकामासाठी संस्था काढली, वर्गणी गोळा केली, पुढे लॉटरीसुद्धा काढली, आणि १८८० ला काम पूर्ण झालं. ती संस्था आजही आहे, सभासद वर्गणी देतात, देखभालीचा मोठा भाग त्यातून चालतो. गणपतीची वर्गणी घरोघर फिरून गोळा करणाऱ्या आपल्या लोकांना हे मॉडेल लगेच कळेल. वर्गणी देणारा हक्काने विचारतो की कामाचं काय झालं, तिकीट काढणारा फोटो काढून जातो.

गर्दीचा मुद्दा राहिला. काही जण म्हणतात पैसे नाही घेतले तरी चालेल पण तिकिटामुळे गर्दी तरी कमी होईल. त्याचं उत्तर नोत्र दामनेच दिलंय, फुकट ऑनलाइन स्लॉट ठेवलाय, घ्यायचा असेल तर घ्या, नसेल तर रांगेतून या, रांग पुढे सरकत राहते. गर्दी वेळेने आवरता येते, पैशाने आवरली तर गरीबच आधी बाहेर जातो. हां, आतल्या वागण्याबद्दल मात्र आपल्याला स्वतःला सांगायची गरज आहे. मास (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असताना मधल्या वाटेत उभं राहून व्हिडिओ कॉल करणारे आपले लोक मी पाहिलेत, वाईट वाटतं. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलला आणि बॉम जेझूला आपण असेच फुकट आत जातो, तिथे कपड्यांबद्दल, शांततेबद्दल पाट्या लावाव्या लागतात, आणि त्या पाटीसमोरच फोटोचं सेशन चालू असतं. उद्या तिथल्या लोकांनी वैतागून तिकीट लावा म्हटलं तर त्यांना काय तोंडाने नाही म्हणणार? दार उघडं ठेवणाऱ्याचं अर्धं काम आपलं आहे. फोन खिशात ठेवा, मास चालू असेल तर मागे बसा, आणि निघताना दानपेटीत तिकीट असतं तर जेवढे दिले असते तेवढे टाका, शक्य असेल त्याने जास्त टाका, म्हणजे ज्याला शक्य नाही त्याचे भरून निघतील.

नोत्र दामचं कामही अजून संपलेलं नाही. लोकांनी दिलेल्या पैशातले साधारण १४ कोटी युरो उरले होते, ते बाहेरच्या बाजूला, मागच्या अर्धगोलाकार भागाच्या आणि तिथल्या फ्लाइंग बट्रेसच्या दुरुस्तीला वापरायचे ठरलंय, तो दगड आगीच्या आधीपासूनच खराब होता. ते पैसे संपले की पुढचा खर्च कोणाचा यावर परत वाद होईल आणि परत कोणीतरी पाच युरोची गोष्ट काढेल. तेव्हा फ्रान्सच्या संसदेने आपल्याच १९०५ च्या कायद्यातलं १७वं कलम आधी वाचावं आणि मग देशाच्या बजेटमध्ये कॅथेड्रलांसाठी किती रक्कम ठेवलीय तो आकडा लोकांसमोर ठेवावा.